चाँद मिस्त्रीची नियोजित गिटार

वडवणीच्या चाँद मिस्त्रीला गिटार बनवायची होती, तीही विजेवरची. अन् कधी, तर बहात्तरच्या दुष्काळात! गाव खडी फोडायला निघालेलं, अन् ह्या गड्याच्या डोक्यात साठ सालची रेडिओवरची गाणी. त्या काळी सिनेमाची गाणी नुसत्या गिटारीवर वाजायची. सूर असा लांबायचा की ऐकणाऱ्याचा चहा थंड व्हायचा. निकाह झाला तेव्हा चाँदनं अजमतबीला शब्द दिला होता, "तसली गिटार घरी करून तुला ऐकवतो." त्याला आठ वर्षं झाली. मिस्त्री शब्दाचा पक्का, फक्त तारखेचा कच्चा.

सामान सगळं होतं. कापसाच्या जिनिंगच्या मोडीतली सागवानी फळी तर निकाहाच्या वर्षापासून खाटेखाली पडून. लाउडस्पीकरचं चुंबक, रेडिओतली केसासारखी तांब्याची तार, बीडहून आणलेल्या सतारीच्या तारा. विहिरी आटल्यामुळं मिस्त्रीची पंपदुरुस्तीची कामं बंद, म्हणजे वेळच वेळ. सिमेंटच्या फाटक्या गोणीवर त्यानं आराखडा काढला: दोन शिंगं, बारीक कंबर, वर लालभडक रंग. अजमतबी रोज हातोडी घेऊन तलावाच्या कामावर जायची. जाताना विचारायची, "अजी, झाली का कंबर बारीक? माझी झाली."

हा आराखडा सुंदररावांच्या नजरेला पडला अन् घात झाला. सुंदरराव तीन सोसायट्यांचे चेअरमन, चौथीच्या शोधात.

"एकट्यानं करायचे दिवस गेले, मिस्त्री. संस्था काढू. सरकार भागभांडवल देतंय. एकच कावून? शंभर गिटारी करू!"

शंभर ऐकून चाँद पाघळला. झालं! 'वडवणी विद्युत तंतुवाद्य सहकारी संस्था (नियोजित)' जन्माला आली. अकरा प्रवर्तक, त्यातल्या दहांनी गिटार कधी बघितलेली नव्हती.

मग बैठका. हरिबा म्हणाले, "टंचाई हाय, सहा तारा कशाला? तिनांत भागवा." सटवानं विचारलं, शिंगं गाईची का म्हशीची, ते ठरावात येऊ द्या. सुंदररावांना गिटारीच्या पोटावर स्वतःचा फोटो पाहिजे होता. सगळं एकमतानं मंजूर! राहिली पाटी. आधी पाटी, मग गिटार, हा सहकाराचा धर्म. अन् पाटीजोगं लाकूड गावात एकच. चाँदला तांत्रिक संचालक केलं, त्याच्या शेअरपोटी त्याची फळी जमा झाली, तिच्यावर पिवळ्या अक्षरांत संस्थेचं नाव चढलं अन् ती कचेरीच्या दारावर गेली.

चाँद घरी येऊन रडला. "माझी गिटार टांगली गं त्यांनी."

"टांगली ना? पुरली तर न्हाई," अजमतबी म्हणाली. "मग रडता कावून?"

उद्घाटनाला बीडहून सहकार खात्याचे साहेब आले. बाजारचा दिवस, म्हणून कामावरच्या बायाही जमल्या. हार झाले, भाषणं झाली. साहेबांनी चहाची बशी तोंडाला लावता लावता विचारलं, "गिटार दाखवा की."

"आराखडा प्रगतिपथावर आहे," सुंदरराव म्हणाले.

चाँद उठला. सरळ स्टुलावर चढून त्यानं पाटी उतरवली अन् पालथी मांडीवर घेतली. मागच्या कोऱ्या बाजूला सहा तारा ताणलेल्या, तारांखाली चुंबक अन् तांब्याची गुंडाळी. चार दुपारी संचालक घरी घोरत असताना त्यानं हे जोडलं होतं. विहिरीत पाणी नव्हतं, पण खांबावर करंट होता. आवाज मोठा यावा म्हणून त्यानं वायर संस्थेच्या रेडिओत खोचली, पिस्टनची पोलादी पिन तारांवर ठेवली अन् ती सरकवत जुनं गाणं वाजवलं.

सूर लांबला. भाजीवाल्यांचं ओरडणं थांबलं. साहेबांचा चहा थंड झाला.

"अरे, संस्थेचं नाव खाली गेलं!" सुंदरराव कळवळले. कुणी ढुंकून बघितलं नाही.

गाणं संपलं. अजमतबीनं फुटलेल्या हातांनी डोळे पुसले, मग पुढं होऊन फळीकडं निरखून बघितलं.

"शिंगं न्हाईत, कंबर न्हाई, लाल रंग न्हाई. नुसती फळीच हाय की, अजी!"

"हां."

"मग फळी तर आठ वर्षं माझ्या खाटंखाली व्हती. मी कावून थांबले?"

चाँदनं मान खाली घातली अन् पिन पुन्हा तारांवर ठेवली.