कमरभाभीने आणलेला भंडारा

संध्याकाळी कामावरून आल्यावर कमरजहाँ पिंजारीला पीठ मळता येत नाही. तिचा नवरा कासम मळतो. आळेफाट्यावर त्याचं गाद्या भरायचं दुकान आहे. दिवसभर कापसात हात घालणाऱ्या माणसाला पिठाचं वावडं नसतं, असं तो म्हणतो. तो मळत असताना कमरजहाँ भिंतीला टेकून बोटं बगलेत धरून बसते. आधी ती पांढरी असतात. ऊब लागली की लाल होतात आणि सुया टोचल्यासारखी ठणकतात.

फाट्यापासून थोडं आत एक कारखाना आहे. आसपासच्या गावांतला मका, वाटाणा आणि डाळिंबाचे दाणे तिथे गोठवतात, पिशव्यांत भरतात आणि परदेशी पाठवतात. गोठलेला माल ज्या खोलीत निवडतात, तिला बायका बर्फघर म्हणतात. कंपनी पातळ प्लास्टिकचे हातमोजे देते. त्यांच्या आत लोकरीचे घालायला बंदी आहे, कारण लोकरीचा धागा मालात सापडला तर अख्खा कंटेनर परत येतो. सकाळी आत गेलेली बाई जेवणाच्या सुट्टीलाच बाहेर पडते.

कमरजहाँ जुन्नरच्या पेठेत वाढली आणि मराठी शाळेत शिकली. अंगाने उंच, तोंडाने तिखट. सुपरवायझरने एकदा ‘भाभी, हात चालवा’ म्हटलं, तेव्हा ती म्हणाली होती, ‘हात इथंच हायेत साहेब, बोटं कुठं गेली ती तुमी हुडका.’ बायका हसल्या. अशा बाईला पुढारी व्हायला वेळ लागत नाही. तिलाही लागला नाही.

मागणी साधी होती. दर दोन तासांनी थोडा वेळ बाहेर येऊन कोमट पाण्यात हात बुडवायला मिळावं. बायकांनी तिला ‘शेकायची सुट्टी’ असं नाव दिलं होतं. दुसरी मागणी आतून अस्तर असलेल्या हातमोज्यांची. मॅनेजर म्हणाला, एकेकीचं ऐकत बसलो तर कारखाना बंद करावा लागेल. मग एकत्र येऊन बोलायचं ठरलं आणि चाकणहून सुनील नावाचा कामगार संघटनेचा माणूस आला. त्याच्या बॅनरवर कामगारांच्या मागण्यांपेक्षा त्याच्या पक्षाच्या नेत्याचा चेहरा मोठा होता. तरी तो कायदा जाणत होता. बरीच पत्रापत्री होऊन कंपनी गुप्त मतदानाला कबूल झाली. हजेरीपटावरच्या निम्म्यांहून जास्त जणांनी ‘संघटना हवी’ म्हटलं, तर कंपनी तिच्याशी बोलणी करणार होती. नाही म्हटलं, तर विषय संपला.

सुनीलने सभासद व्हायचे फॉर्म आणले. बायका फॉर्मला हात लावेनात. सही केली की कागद ऑफिसात पोचतो, एवढं त्यांना माहीत होतं. निरगुडसरची लंकाबाई कमरजहाँच्या शेजारी उभी राहून काम करायची. ती म्हणाली, ‘कागद नगं, भाभी. बेलभंडार उचलू. समद्या बांधल्या जात्याल.’

या भागात खंडोबाचा भंडारा म्हणजे नुसती हळद नव्हे, तो उचलणं म्हणजे देवाची शपथ. भावकीतला बांधाचा तंटा त्यावर मिटतो. ग्रामपंचायतीला मत कुणाला देणार हे त्यावर ठरतं. पैसे घेतलेला माणूस पैशाला जागेल की नाही याची खात्री नसते, भंडार उचललेल्याची असते. सुनीलला हे पटलं नाही. ‘उद्या मोजायची वेळ आली तर मी भंडारा दाखवू का?’ तो म्हणाला. पण बायकांना पटलं, आणि कमरजहाँलाही पटलं. तिची चूक झाली ती इथे. सह्या मागितल्या असत्या तर खरोखर सोबत कोण आहे ते निदान आधीच कळलं असतं.

भंडारा आणायचा कुणी, हा प्रश्न आला. कंपनी सगळ्यांना एका दिवशी सुट्टी देत नव्हती. बायका एकत्र येऊ नयेत म्हणून एकीला सोमवार, दुसरीला बुधवार. देवाच्या वारी, रविवारी, सुट्टी फक्त कमरजहाँला होती. कासमला धामणखेलच्या बाजूला गाद्या पोचवायच्या होत्या. ती टेम्पोत बसली, खंडोबाच्या देवळात गेली, भंडारा आणि बेल घेऊन आली. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. तिची आजी जत्रेला जाऊन भंडारा कपाळाला लावून यायची. लंकाबाईने फक्त एवढंच सांगितलं होतं, ‘पुडी नीट बांध, नायतर कासमभाऊच्या गाद्या पिवळ्या व्हतील.’

कपडे बदलायच्या खोलीत लंकाबाईने पुडी तळहातावर धरली. एकेकीने येऊन चिमूट उचलली आणि म्हटलं, ‘मत संघटनेला.’ शेवटी कमरजहाँने उचलली. एका पोरीने विचारलं, ‘भाभी, तुला चालतं?’

‘माझी बोटं काय येगळी गोठत्यात का?’ ती म्हणाली.

त्या वेळी मतदान झालं असतं तर ते जिंकलं असतं. ते महिन्यावर होतं.

तालुक्यात सुभाषआण्णा या नावाने ओळखले जाणारे पुढारी आहेत. कारखान्याला जमीन मिळवून देण्यात, रस्ता आणि पाणी आणून देण्यात ते होते. बदल्यात नोकरीला माणसं त्यांच्या चिठ्ठीवर लागतात. निम्म्याहून जास्त बायका तशाच लागलेल्या. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आलेली, आणि सुनीलच्या बॅनरवरचा चेहरा आण्णांच्या विरोधकाचा. त्यामुळे बर्फघरातल्या बायकांनी हात शेकावे की नाही, हा आता तालुक्याच्या राजकारणाचा प्रश्न झाला. हात कुणाला आठवले नाहीत.

आण्णांनी आधी हातमोजे वाटले. प्रत्येक बाईला लोकरीचे हातमोजे आणि एक जर्किन, पिशवीवर आण्णांचा हात जोडलेला फोटो. फाट्यावरच्या कार्यालयात मांडव घालून, फोटोग्राफर बोलावून. ते हातमोजे बर्फघरात चालत नाहीत हे आण्णांना कुणी सांगितलं नसेल, असं समजायला जागा नाही; मॅनेजर त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसला होता. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने दारातच सगळ्यांचे मोजे काढून ठेवायला लावले. ते आता घरातली पुरुषमाणसं दुधाला जाताना मोटरसायकलवर घालतात.

त्यानंतर आण्णांचा कार्यकर्ता पप्पू गावोगाव फिरला. निरगुडसर झालं, लोणी झालं. संध्याकाळच्या वेळी ओट्यावर बसायचा, चहा घ्यायचा, पोरगं कितवीला आहे विचारायचा, आणि मग बोलायचा. लंकाबाईच्या ओट्यावरही बसला.

‘मावशी, पोराचं काय? चिकटवायचा का कुठं?’

‘चिकटव की राव. नगं कोण म्हनतंय.’

‘मग मत कुणाला?’

‘ते इचारू नगंस. आमी भंडार उचललाय.’

गावोगाव त्याला हेच उत्तर मिळालं. बायका पप्पूला घाबरत होत्या, आण्णांना घाबरत होत्या, पण खंडोबाला जास्त घाबरत होत्या. पप्पूने ही अडचण आण्णांपुढे मांडली. तेव्हा तिथे जे बोलणं झालं ते पप्पूनेच पुढे कित्येकांना कौतुकाने सांगितलं आहे, आण्णांचं डोकं कसं चालतं याचा दाखला म्हणून.

आण्णांनी विचारलं, ‘भंडार आणला कुणी?’

‘कमरभाभीनी.’

‘कोण, पिंजाऱ्याची?’

‘व्हय.’

आण्णा हसले. ‘मग लागला न्हाई त्यो. जा, सांग बायकांना.’

हेच आण्णा रमजानात जुन्नरला गोल टोपी घालून इफ्तारला बसतात आणि कासमच्या दुकानातून कार्यालयाच्या गाद्या भरून घेतात. पप्पूने पुन्हा तीच गावं धरली. त्याने कुणाच्या धर्माबद्दल एक वाईट शब्द उच्चारला नाही. तो फक्त विचारायचा, ‘मावशी, देवाचं म्हणजे कसंय, आणणारा हात बी बघाया लागतो का न्हाई?’ आणि गप्प बसायचा.

यात खरी किळस यावी अशी गोष्ट आण्णांची नाही. ते त्यांचं काम करत होते. बायकांना हे ऐकून राग आला नाही. त्यांना हायसं वाटलं. एकीकडे पोराची नोकरी आणि दुसरीकडे देव, या कात्रीतून कुणीतरी त्यांना सोडवलं होतं, आणि त्यासाठी फक्त एका बाईचा हात विटाळलेला आहे एवढंच मान्य करायचं होतं. ज्या हाताने दिलेला डबा त्या रोज खात होत्या, तोच हात. चार दिवसांत बहुतेकींनी ते मान्य केलं.

कंपनीने मग एक चमत्कार केला. सगळ्यांना एकाच रविवारी सुट्टी दिली. कारखाना उभा राहिल्यापासून असं झालं नव्हतं. गावागावांत आण्णांच्या बस आल्या, बायका देवळात नेल्या. वाघ्या-मुरळी होते, पुरणपोळीचं जेवण होतं. जेवणाआधी पप्पूने ताटात नवा भंडारा फिरवला. पहिला लागला नाही, हा लागेल, असं सांगून. प्रत्येकीने चिमूट उचलली. लंकाबाईनेही उचलली. कमरजहाँच्या दारात बस आली नाही. तिच्या घरावरून ती ‘सदानंदाचा येळकोट’ करत गेली.

सोमवारी संध्याकाळी सुनील तिला भेटायला दुकानात आला. कासमने त्याला नव्या गादीवर बसवलं. सुनील बराच वेळ वातावरण कसं बिघडलंय यावर बोलला. मग मुद्द्यावर आला.

‘भाभी, आपल्यात तसला काही विषय नाही, तुम्हाला माहितीय. पण मतदान होईपर्यंत तुम्ही जरा मागं राहा. गेटवरच्या सभेला लंकाबाईंना बोलू द्या.’

‘लंकाबाई काल बसमधी व्हती.’

‘तेच ना. त्यांना पुढं केलं की बायका परत येतील.’

‘आन् मी कुठं बसू?’

‘घरी थांबलात तरी चालेल. एका दिवसाचाच तर प्रश्न आहे.’

तो गेल्यावर कासम म्हणाला, ‘मैं बोल्या था ना, आगे नको हो.’ नवरा-बायको घरात दखनी बोलतात. त्या दिवशी तिने स्वतः पीठ मळायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं.

सभेला ती गेली नाही. लंकाबाईही बोलली नाही. आजारी आहे असा निरोप आला. सुनील एकटाच बोलला आणि त्यातलं अर्धं भाषण जिल्हा परिषदेवर होतं.

मतदान कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये झालं. पडदा होता, पेटी होती, सरकारी माणूस होता, सगळं नियमाप्रमाणे गुप्त. फाटकाबाहेर पप्पू खुर्ची टाकून बसला होता आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीच्या कपाळावर भंडाऱ्याचं बोट ओढत होता. सरकारी माणसाने फाटकाबाहेरचा भाग आपल्या अखत्यारीत नाही असं सांगितलं. कमरजहाँची पाळी आली तेव्हा पप्पूने बोट मागे घेतलं आणि हसून म्हणाला, ‘भाभी, तुमचं माफ.’ संध्याकाळी पेटी उघडली. संघटनेच्या बाजूने चौथा हिस्साही मतं निघाली नाहीत. फाट्यावर फटाके वाजले. आण्णांनी कामगारांच्या समजूतदारपणाचं कौतुक करणारा फलक लावला, तो अजून तिथे आहे.

दुसऱ्या दिवशी बर्फघरात बायका एकेक करून कमरजहाँच्या कानाशी लागल्या. ‘भाभी, मी तर तुलाच दिलं.’ ‘बाकीच्यांचं माहीत न्हाई बया, माझं तुलाच.’ जेवणाच्या सुट्टीपर्यंत इतक्या जणींनी सांगितलं, की ते खरं असतं तर संघटना जिंकली असती. लंकाबाई मात्र डोकं खाली घालून दाणे निवडत राहिली.

आठवडा झाला आणि कंपनीने कमरजहाँला बर्फघरातून काढून बाहेरच्या आवारात टाकलं. कणसं सोलायची, पाला वेगळा करायचा. डोक्यावर पत्रा, बाजूला ऊन. ज्या उबेसाठी सगळ्यांनी मिळून मागणी केली होती, ती एकटीला मिळाली. आत तिच्या जागी दुसरी बाई उभी राहिली आणि शेकायची सुट्टी हा शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही.

पप्पूला एवढं पुरे होतं. भाभीने आतून आण्णांशी जमवलं होतं, म्हणूनच बाहेरचं काम मिळालं, असं त्याने कॅन्टीनच्या पोऱ्यापासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना सांगितलं. ज्यांनी कानाशी लागून ‘तुलाच दिलं’ म्हटलं होतं, त्या आता तिच्यासमोर डबा उघडेनाशा झाल्या. कमरजहाँ मॅनेजरकडे गेली आणि मला परत आत घ्या म्हणाली.

मॅनेजरने खुर्ची दिली, पाणी मागवलं. ‘बायकांना ऊब मिळावी हीच तुमची मागणी होती ना? आम्ही सुरुवात तुमच्यापासून केली. आता तुम्हीच तक्रार करता?’

ती उठून बाहेर आली. सुट्टी व्हायची वेळ होती. लंकाबाई निरगुडसरच्या बसकडे निघाली होती; तिला पाहून थांबली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून जवळ आली.

‘भाभी, एक इचारू? रागावू नगंस. आण्णांनीच तुला भाईर काढलं म्हणत्यात. खरं हाय का गं?’

कमरजहाँने तिच्याकडे पाहिलं. ‘तू मत कुणाला दिलंस?’

‘तुलाच की,’ लंकाबाई म्हणाली.

‘मग हे बी तितकंच खरं हाय,’ कमरजहाँ म्हणाली आणि फाट्याच्या रस्त्याला लागली.