ओलं पोलकं

लग्न होऊन साताऱ्याहून हैदराबादला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी सासूबाईंनी मला गौलीगुड्यातल्या घराच्या गच्चीवर नेलं. पुरुषांचे सदरे रस्त्याच्या बाजूला, उन्हात. बायकांची पोलकी आणि आतले कपडे मागच्या दोरीवर, वरून टॉवेल टाकून. "लोकं बघतात की गं," त्या म्हणाल्या.

माहेरीही हीच रीत होती. पण तिथं परसात आडोसा होता, ऊनही होतं. इथं पावसाळ्यात टॉवेलखालचं पोलकं वाळायचंच नाही. मी तसंच ओलसर अंगात घालायचे, दिवसभर काखेत खाज सुटायची, आणि घरातले पुरुष कडकडीत वाळलेले सदरे घालून कामावर जायचे. मला ना तेलुगू यायचं, ना दखनी. भांडायचं तरी कुणाशी? त्या चिडीपायी मी पेन्सिल उचलली आणि समोरची कपड्यांची दोरी काढली.

तेव्हापासून मी दोरीच काढत आले आहे. या परक्या शहरात कुणाकडे बाळंतीण आलीय, कुणाचा मुलगा नोकरीला लागला, हे मला आधी दोऱ्यांनी सांगितलं. भाषा मागाहून आली. "अजून कपडेच का?" असं लोक अजून विचारतात. तुम्ही घालायचे सोडलेत का, असं मी उलट विचारते.

यंदा हिमायतनगरच्या एका गॅलरीनं माझं प्रदर्शन ठरवलं. मी आजवरचं सगळ्यात मोठं चित्र नेलं. भर दुपारचं ऊन, एकच दोरी, तिच्यावर फक्त माझे कपडे. टॉवेल नाही. गॅलरीवाला तरुण पोरगा चित्रासमोर घुटमळला.

"आंटी, फॅमिली लोगां आते. ऊपर एक टॉवेल पेंट कर देते क्या? बस, इत्तासा."

"नक्को," मी म्हटलं. "सब उतारो."

तो गयावया करू लागला, पत्रिका वाटून झाल्यात म्हणाला. मी ऐकलं नाही. इतकी वर्षं वाट पाहिलेलं प्रदर्शन गेलं, याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण टॉवेल टाकला असता तर स्वतःचं तोंड बघवलं नसतं.

चित्र मलकपेठच्या आमच्या आताच्या फ्लॅटवर आणलं. नवऱ्यानं भिंतीत खिळे ठोकून दिले. सासूबाई आता खूप थकल्यात, दिवसभर हॉलमधल्या पलंगावर असतात. चित्र त्यांच्या अगदी समोर आलं.

मग चैत्रातलं हळदीकुंकू आलं. हॉल बायकांनी भरला. पन्ह्याचा पेला हातात घेऊन एक बाई म्हणाल्या, "अहो, हे असं उघड्यावर? निदान आजच्या दिवस काढून ठेवायचं."

मी तोंड उघडणार, इतक्यात पलंगावरून आवाज आला. "राहू दे तिथंच. झाकलं की वाळत नाही. मी जन्मभर ओलंच घातलं."

मला बरं वाटायला हवं होतं. माझं डोकंच फिरलं. "मग मला का लावलंत झाकायला?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

सासूबाई चित्राकडे बघत राहिल्या.

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "माझंच तेवढं वाळत नाही."