बुढीची काठी

नव्या साडीच्या खळीचा वास आला की मला अजून किळस येते. घुग्घुसला राहायचो तेव्हा दिवाळीच्या सेलसाठी चंद्रपूरला जायचं ठरलं. स्वयंपाकघरात बेत मीच आखला. जावांना म्हटलं, "बुढीले समोर ठेवू. काठी पाहून लोकं आपोआप वाट देतेत." सासूबाईंना काय ठाऊक! "मलेबी नेऊन राह्यल्या?" म्हणत त्यांनी हरखून पेटीतलं धडकं लुगडं काढलं. दुसऱ्या दिवशी त्या घामट गर्दीत त्यांना ढकलत आम्ही ढिगापर्यंत पोचलो आणि हपापल्यासारख्या साड्या ओढल्या. घरी पिशव्या उघडल्यावर कळलं, त्यांच्यासाठी एकही घेतली नव्हती. काल माझी सून लाडानं म्हणाली, "आई, उद्या सेलले चाला ना. अन् काठी विसरू नोका."