शिडाखालचा वर्ग

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी वकिलीची सनद घेतली. तोवर संस्कृत शिकवत होते. विसावे शतक सरत आले होते. रत्नागिरीच्या कोर्टात माझा आवाज पहिल्या बाकापुढे जात नसे. न्यायाधीश "मोठ्याने बोला" म्हणाले, की होता तोही विरून जाई. अशा वकिलाकडे पक्षकार येणार कोठून? मी मोफत विधी सहाय्यासाठी नाव दिले, आणि पूर्णगडच्या बाजूच्या एका गावातली मासे विकणारी बाई माझ्याकडे पाठवली गेली.

तिची मोठी मुलगी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत होती. वर्गाचे वासे खचले होते, कौले फुटली होती. पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती झाली नाही, तर वरच्या वर्गातील मुले कातळाचे ओसाड पठार ओलांडून पलीकडच्या गावी पाठवायची, असे ठरले होते. बाईचा नवरा ट्रॉलरवर खलाशी. मुलगी कातळावरून जाणार नाही, घरी बसेल, असे त्याने सांगून टाकले होते.

अर्जांना उत्तर आले नाही, तेव्हा दावा लावला. शाळेच्या पाहणीसाठी कोर्टाने एका वकिलांना कमिशनर नेमले. मी गावाला निरोप धाडला, "कोर्टाचे साहेब शाळा पाहायला येत आहेत."

त्या दिवशी माझी एसटी वाटेत बंद पडली. मी पोहोचले तेव्हा कमिशनर वर्गात खुर्चीवर बसून शहाळे पीत होते. भिंतींना ताजा चुना होता. आणि फुटक्या छपराखाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, होडीचे धुतलेले पांढरे शीड ताणून बांधले होते. वरचे काहीच दिसत नव्हते.

"ते कापड काढून पाहायला हवे," मी म्हणाले. दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने.

"बाई, पाहणी झाली. लिहूनही झाले," ते हसून म्हणाले. "गाव मोठे अगत्याचे आहे हो."

ते गेल्यावर मी बाईला विचारले, "हे कशासाठी केलेत?"

"अवो, पाव्हन्याला काय फुटका छप्पर दाखवायचा?"

"तोच दाखवायचा होता."

"मंग तसा सांगायचात, वकीलबाय! कोन घरात येनार म्हटल्यावर आमी साफसफाई करनार नाय?"

शीड देणारा म्हातारा दारात बसला होता. तो म्हणाला, "सायबाच्या डोक्यावर पाल पडली असती, तर बायचा दावा पालीनंच जिकला असता." सगळे हसले. बाई हसली नाही. तिने मुलीकडे पाहिले आणि ती शिडाच्या गाठी सोडायला लागली.

मी फेरपाहणीचा अर्ज दिला. मग तारखा पडत गेल्या. कधी समोरचे वकील गैरहजर, कधी न्यायाधीश रजेवर. मग उन्हाळ्याची सुट्टी. दर तारखेला बाई पहाटेची माशांची पाटी दुसरीकडे सोपवून कोर्टाच्या पायरीवर येऊन बसे. मला सांगण्यासारखे काही नसे, म्हणून मी तिच्या शेजारी बसत असे. शाळा उघडली आणि वरचे वर्ग कातळापलीकडे गेले.

दुसरी पाहणी त्यानंतर झाली. या वेळी शीड नव्हते. जमीन मात्र सारवलेली होती, आणि कमिशनरांची खुर्ची भोकाखालून जराशी बाजूला, कोरड्यात ठेवली होती. अहवाल आमच्या बाजूने गेला, हुकूम झाला. छपराचे पत्रे त्याच्याही पुढच्या वर्षी आले.

गावाने मला नारळ वाढवायला बोलावले. त्याच खुर्चीवर बसवले. मला अवघडल्यासारखे होत होते. पण नाही म्हणणे मला कधीच जमलेले नाही, आणि पाहुण्याने तिथे नाही म्हणायचेही नसते.

"धाकटी बसेल आता ह्या वर्गात," बाई म्हणाली. मोठीविषयी ती बोलली नाही, मीही विचारले नाही.

शहाळे मोठीच घेऊन आली. कोळंबी सोलून तिच्या बोटांची टोके पांढरी, सुरकुतलेली झाली होती. "घ्या बाय," ती म्हणाली. मी शहाळे घेतले आणि वर पाहिले. पत्रा नवा होता. त्यात एकही भोक नव्हते.