हात वरच समजा

मोताळ्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीच्या एका मेंबराचे स्नायू फक्त मानेच्या वर काम करत. काही विचारलं, की भुवया वर. त्यांचा अर्थ 'हो' की 'नाही', हे गावाचा वारा पाहून तो मागाहून ठरवी. मी दवाखान्यातला कंपाउंडर. भिंतीवरच्या तक्त्यात हात उचलणारा स्नायू रोज दिसे. याच्या अंगात तो असेल का, अशी मला शंका येई.

गावविहीर बौद्धवाड्याला खुली करायचा ठराव आला. आदल्या दिवशी मी त्याला गाठलं, तर म्हणाला, "हाव ना भाऊ, माहा हात वरच समजा!" सभेत हात मोजले आणि एक कमी पडला. याच्या नुसत्या भुवया वर होत्या. ठराव पडला. मग शिपाई चहा घेऊन आला, तेव्हा तोच हात सगळ्यांच्या आधी वर गेला. "इकडे आन बे!"

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला. "काल खांदा लय दुखून राह्यला होता भाऊ, म्हणून हात वर गेलाच नाही. मालिशचं तेल देता काय?"

मी भुवया वर केल्या.