डबीवरलं विमान
१९३४ साल, मी वीस वर्षांचा होतो. चिंचेनं पितळ घासल्याचा वास आला की ते अजून आठवतं. १९१४च्या मोठ्या लढाईत आमचे वडील, आबा, आगबोटीवर कोळसा टाकायला होते. त्या बोटीवरनं विमानं समुद्रात उतरवायचे आणि तिथनं ती उडायची. खलाशांनी विमानं कोरलेल्या वस्तू आबांनी जमवल्या होत्या. ते वारल्यावर बाकीच्या वस्तू पाव्हण्यांनी नेल्या, पितळेची तंबाखूची डबी तेवढी राहिली. आई रोज तिच्यावर कोरलेल्या विमानावरनं बोट फिरवायची. म्हटलं, खाली आबांचं नाव घालून आणावं. इंदापूरच्या बाजारात तांबटाकडं डबी दिली आणि बैल बघाय गेलो. परत आलो तर डबी चिंचेनं उजळून गुळगुळीत, वर आबांचं ठसठशीत नाव. "विमान कुठं हाय?" म्हटलं. तांबट म्हणाला, "ते जुनं व्हय? घासून काढलं की. दुसऱ्याची खूण ठिवून आपलं नाव कोण घालतं, राव?" जुनं भांडं घेणारा माणूस तसंच करून घेतो, त्याचं काय चुकलं नव्हतं. मी पैसे देऊन डबी खिशात घातली. घरी आईचं बोट डबीवर फिरलं आणि थांबलं. "नाव झ्याक आलंय," ती म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. आजही ती डबी मी कुणाला घासू देत नाही. नाव घालून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खिळा घेऊन बसलो आणि नावाखाली विमान कोरलं. झाला कावळा, तरी डबी आईच्या हातात दिली.