कासाबाईचं घड्याळ

कासाबाईनं आयुष्यात कुणाचं काही फुकट घेतलं नाही. तरी एक काळ असा होता, की जिंतुरात सोन्याचं विलायती घड्याळ असलेली शेळ्यावाली ती एकटीच होती. बाजारपेठेत हे हसत हसत सांगितलं जायचं. सांगणारे तिला कधी भोळी म्हणत, कधी बिलंदर. ती दोन्ही नव्हती.

गावाबाहेर माळाला लागून तिची झोपडी होती. नवरा भुजंग मेंढ्या घेऊन वर्षातले कितीतरी महिने नदीकडच्या रानांत असायचा. मागं शेळ्या, चूल आणि भांडणं, सगळं हिच्याकडं. माणसांशी ती कामापुरतं बोलायची. शेळ्यांशी मात्र हुज्जत घालायची, आणि पुष्कळदा शेळ्याच जिंकायच्या.

निजामाचं राज्य होतं. तिकडं विलायतेत लढाई सुरू झालेली. जिंतूरला नवे तहसीलदार आले, ते थेट हैदराबादेहून. त्यांची तान्ही मुलगी गाईचं दूध पोटात ठेवीना, म्हशीचं तर नाहीच. हकिमानं शेळीचं दूध सांगितलं. तेव्हापासून कासाबाई रोज सकाळी एक काळी शेळी घेऊन बंगल्याच्या मागच्या दाराशी जाऊ लागली. डोळ्यांदेखत धार काढून द्यायची, म्हणजे पाण्याचा संशय नको.

दूध घ्यायला तहसीलदारांच्या बेगमसाहेब, मुनव्वर बेगम, स्वतः ओसरीत येऊन बसत. त्यांच्या गळ्यात लांब साखळी होती आणि साखळीला झाकणाचं एक लहानसं घड्याळ. मुलीला दूध पाजायची वेळ त्या त्यावर बघत. झाकणावर द्राक्षाच्या वेलीची नक्षी, आत दुधासारखी पांढरी तबकडी, आणि निळसर पोलादाचे काटे इतके बारीक, की कासाबाईला वाटायचं, फुंकर मारली तर उडून जातील.

एका सकाळी मूल पोटभर प्यालं आणि झोपलं. बेगमसाहेबांनी झाकण उघडून घड्याळ तिच्या कानाशी धरलं. कासाबाई ऐकत राहिली. खडकावरनं एखादं करडू पळत जावं तसा आतून आवाज येत होता.

"काय नामी चीज हाय हो, बेगमसाहेब! लय गोड."

"तुम्हारीच है, बाई. ले लो," बेगमसाहेब म्हणाल्या.

कासाबाईनं मुलीकडं बघितलं. महिन्याभरात गालांवर मांस चढलं होतं. त्याचंच हे देणं असणार, असं तिला वाटलं. लेकराच्या नावानं आईनं हातात ठेवलेलं परत सारू नये, लेकराला बाधतं, असं तिनं लहानपणापासून ऐकलेलं. तिनं पदर पुढं केला. बेगमसाहेबांचा हात क्षणभर जागच्या जागी राहिला. मग त्यांनी साखळी मानेवरून काढली आणि घड्याळ पदरात ठेवलं. त्या हसल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी घड्याळ गप्प झालं. बाजाराच्या दिवशी कासाबाई ते फडक्यात बांधून बन्सीधरकडं घेऊन गेली. बन्सीधर सेलूहून यायचा आणि पेठेत एका दुकानाच्या पायरीवर बसायचा. अंमलदारांची घड्याळं आणि सोन्याच्या निबाचे पेन दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. फडकं सुटलं तसं त्यानं डोळ्याचं भिंग काढलं, पुसलं आणि पुन्हा लावलं.

"हे कुठनं आणलंस, गं?"

"बेगमसाहेबांनी दिलं."

"मागितलंस?"

"मी कशाला मागू? मी म्हणलं, लय चांगलं हाय. त्या म्हणल्या, तुझंच हाय, घे."

"आन् तू घेतलंस!" बन्सीधर इतका हसला की शेजारचा कापडवाला उठून बघायला आला. "अगं माय, ती त्या लोकांची बोलायची रीत हाय. कुणी चीज वाखाणली की म्हणायचं, तुमचीच हाय. आपण म्हणायचं, नको हो, तुमालाच शोभती. झालं. कुणी देत न्हाई, कुणी घेत न्हाई."

"द्यायचं नसतंय तर म्हणतेत कशाला?"

"चांगलं दिसतंय म्हणून."

"आमच्यात शेळी तुझी म्हणलं की लगेच दावं हातात देतेत."

बन्सीधर हसायचा थांबला. घड्याळ बिघडलेलं नव्हतंच, किल्ली संपली होती. वरचं बारीक बटण चिमटीत धरून त्यानं ती हळूहळू दिली आणि घड्याळ तिच्या हातात ठेवत खालच्या आवाजात म्हणाला, "परवाच त्यांचा शिपाई सेलूला येऊन गेला. असंच घड्याळ हैदराबादेत मिळंल का, म्हणून इचारत हुता. ईदला बाईचे वडील यायलेत. लग्नात त्यांनीच दिलेलं हाय हे."

कासाबाई घड्याळ फडक्यात बांधून घरी आली. कुणाच्या रानात शेळी घुसली तर ती आपण होऊन स्वतःचे कान धरायची. इथं तर तिनं माणसाच्या गळ्यातलं काढून आणलं होतं. सकाळी धार काढायच्या आधी तिनं फडकं पुढं केलं.

"चुकलं माझं. हे घ्या."

बेगमसाहेबांची नजर फडक्याच्या गाठीवर गेली आणि तिथंच राहिली. पण त्यांनी हात मागं घेतला. "नक्को, बाई. हमारे घर में दी हुई चीज वापस नहीं लेते."

मोकळा गळा त्यांनी ओढणीनं झाकून घेतला. कासाबाईला कळलं, की आपण आणखी आग्रह केला तर या बाईचा शब्द आपणच मोडल्यासारखा होईल. आणि न केला तर ईदला बापापुढं तिनं काय सांगावं? धार काढून देऊन, शेळी ओढत ती परत निघाली. त्या दिवशी घड्याळ तिनं पिठाच्या डेऱ्यात ठेवलं, मग पिठाची भीती वाटून कणगीवर ठेवलं, शेवटी कंबरेलाच बांधून हिंडली.

ईद दोन दिवसांवर आली तेव्हा तिनं धार काढली, दुधाचं भांडं आत दिलं आणि ओसरीच्या पायरीवर ठाण मांडून बसली.

"बेगमसाहेब, एक काम हाय तुमच्याकडं."

"बोलो."

"घड्याळ माझंच हाय. तुमी दिलं, मी घेतलं. पर माझ्या घरात धूर, धूळ. काल शेळीनं फडकंच चघळलं. तुमी सांभाळा की. अर्धलीनं."

"अर्धली क्या?"

"आमच्यात शेरडं देतेत तसं. जित्राब धन्याचं, सांभाळ दुसऱ्याचा. धनी मधनं मधनं येऊन बघून जातो. करडं झाली की निमी तुमाला, निमी मला."

"घडी को बच्चे होंगे, बाई?"

"झाले तर एक माझ्या घरी धाडा."

बेगमसाहेब हसल्या, इतक्या मोठ्यानं, की स्वयंपाकीण पिठाचे हात घेऊन बाहेर आली. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि हात पुढं केला.

ईदला वडील येऊन गेले. त्यांना लेकीच्या गळ्यात साखळी दिसली.

त्यानंतर कासाबाई धार काढून झाली की विचारायची, "काय म्हणतंय माझं जित्राब?" बेगमसाहेब घड्याळ तिच्या तळहातावर ठेवायच्या. ती झाकण उघडून बघायची, कानाला लावायची, कधी दटावायचीसुद्धा: "आवाज बारीक यायलाय. किल्ली द्यायची ऱ्हायली वाटतं!" आणि बेगमसाहेब खरंच ओशाळायच्या.

दोन वर्षांनी तहसीलदारांची बदली झाली. बंगल्यापुढं गाड्या भरल्या जात होत्या. बेगमसाहेबांनी कासाबाईला बोलावून घेतलं आणि साखळी काढून तिच्या हातात दिली.

"सांभालनेवाले जा रहे, बाई. अपना जानवर ले लो."

त्यांचा चेहरा सरळ होता. या खेपेला ते नुसतं बोलणं नव्हतं, हे कासाबाईला दिसलं. मुलगी गाडीच्या चाकाभोवती पळत होती. कासाबाईनं तिला धरलं, खाली बसली आणि साखळी तिच्या गळ्यात घातली. ती मुलीच्या गुडघ्यांपर्यंत आली.

"माझ्या शेळीच्या दुधावर वाढली ही," ती म्हणाली. "हिला दिलं."

रीतीप्रमाणं बेगमसाहेबांनी एकदा तरी नको म्हणायला हवं होतं. त्यांनी म्हटलं नाही. मुलीचा हात धरून त्या म्हणाल्या, "मौसी को सलाम करो."